बारा बाय आठ

कबड्डीचं मैदान आखायला मोजपट्टी, सुतळी आणि घमेलंभर फक्की पुरते. पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिलांसाठी १२ बाय ८. किशोर आणि किशोरी या सगळ्यात लहान गटाला मात्र एकच माप, ११ बाय ८. नियमपुस्तकात वर्षानुवर्षं चालत आलेली ही मापं. गुणाकार केला तर १३०, ९६ आणि ८८ चौरस मीटर. किशोर गटात मुलगा आणि मुलगी सारख्याच जागेत चढाई करतात. पुढे कुमार गटात गेल्यावर मुलाची जागा ४२ चौरस मीटरने वाढते, मुलीची आठने. वेळेचंही तसंच. पुरुष आणि कुमारांना वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं, तर महिला, मुली आणि किशोरांना पंधरा-पंधराची. म्हणजे नियमाच्या लेखी तीस वर्षांच्या बाईचा दम शाळकरी पोराइतकाच.

नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या गावांना कबड्डी समजावून सांगावी लागत नाही. खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत मंडळाची कबड्डी जत्रेइतकीच जुनी आणि जत्रेइतकीच गर्दीची. या पट्ट्याचं उत्तरेचं टोक म्हणजे दिघा. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, मधे रस्ता, रूळ, कारखाने आणि उरलेल्या जागेत माणसं. तिथल्या एखाद्या शाळेत सातवीतली मुलगी पहिल्यांदा मध्यरेषा ओलांडते तेव्हा तिच्या पायाखाली जी आखणी असते, ती तिथवर कशी आली हे बघण्यासारखं आहे.

त्यासाठी मैदान सोडून आधी माजघरात जावं लागतं. मंगळागौरीच्या जागरणाला फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या-बाया असे खेळ रात्रभर चालायचे. हे खेळ नाजूक आहेत असं ज्याला वाटतं त्याने दोन मिनिटं बसफुगडी घालून बघावी. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या खरं काय ते सांगतील. तोल, दम, लवचीकपणा, जोडीदाराच्या हालचालीचा अंदाज, सगळं त्यात होतं. फक्त ते श्रावणात होतं, रात्री होतं, घरात होतं आणि बायकांतच होतं. उघड्यावर यायचं ते नागपंचमीच्या झोक्यापुरतं किंवा आश्विनात भोंडल्याच्या फेरापुरतं. पुरुषांची तालीम बारा महिने उघडी, सकाळ-संध्याकाळ. बाईच्या खेळाला वार, वेळ आणि उंबरठा ठरलेला. पुढे शाळा आली, संघ आले, सरकार आलं, तरी या तिन्हीतली वेळ काही सुटली नाही, हे माझं म्हणणं.

पुण्यात भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली आणि १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा. हुजूरपागेवर त्या काळी जी टीका झाली तिच्यात इंग्रजी शिकवण्यावर रोष होता, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टिळकांच्या ‘मराठा’ने आणखी एका गोष्टीला हरकत घेतली होती: शाळेच्या अकरा ते पाच या वेळेला. मुलगी दिवसभर शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार? तिला रोज तीनेक तास पुरेत, असा युक्तिवाद होता. जिथे वर्गात बसण्याचे तासच मोजून मापून मागावे लागत होते, तिथे शाळा सुटल्यावर मैदानावर थांबण्याची गोष्ट कोण काढणार?

मुलांची मैदानं मात्र याच काळात भरत गेली. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना उभा राहिला आणि १९१४ मध्ये तिथेच खो-खोचे नियम पहिल्यांदा बांधले गेले. त्याच वर्षी अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. या मंडळाच्या तरुणांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. हुतूतू, खो-खो, मल्लखांब, लेझीम यांना मातीतून उचलून नियम, पंच आणि शिट्टी देण्याचं काम या पिढीने केलं, आणि ते मोठंच काम होतं. पण ही सारी चळवळ बलोपासनेची होती, तिच्यापुढे देशासाठी लढणारा तरुण होता. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. ‘पीटीचे सर’ ही आपल्या शाळांतली खास व्यक्ती तिथून पुढे घडत गेली. ‘पीटीच्या बाई’ त्यामानाने कितीतरी उशिरा आल्या, आणि आजही अनेक शाळांत त्या नाहीतच.

स्वातंत्र्यानंतरचा हिशेब वर्षांच्या भाषेत करता येतो, आणि तो मला फार बोलका वाटतो. पुरुषांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला, महिलांची १९५५ मध्ये कलकत्त्याला. अंतर तीन वर्षांचं. त्या काळाच्या मानाने हे अंतर फारच थोडं होतं. बुवा साळवींसारखी माणसं खेळ उभा करत होती, तेव्हा मुलींचा संघ ही शोभेची गोष्ट नव्हती. कबड्डीत पहिला अर्जुन पुरस्कार सदानंद शेट्येंना १९७२ मध्ये मिळाला, महिलांमध्ये शकुंतला खटावकरांना १९७८ मध्ये. खो-खोत तर हे अंतर एका वर्षाचं: १९७० ला सुधीर परब, १९७१ ला अचला देवरे. क्रिकेटसारख्या गोऱ्या साहेबाच्या खेळात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा व्हायला १९७३ उजाडलं. ती पुण्यात झाली आणि संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. म्हणजे देशी खेळांनी मुलींना आधी घेतलं. आपल्याकडे उगाच उलटं समजलं जातं, की शहरी आणि इंग्रजी ते पुढारलेलं.

मग अंतर वाढलं कुठे? जिथे पैसा आणि प्रेक्षक आले तिथे. आशियाई खेळांत पुरुष कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली, महिला कबड्डी २०१० मध्ये ग्वांगझूला. वीस वर्षं. या वीस वर्षांत महाराष्ट्रात आणि हरियाणात खेळाडूंच्या किमान दोन पिढ्या खेळून निवृत्त झाल्या. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी जाहीर केले तेव्हा पेपरांना पहिल्या पानावर जागा सापडली. दोनच वर्षांनी प्रो कबड्डी लीग सुरू झाली, लिलाव झाले, मुलांना भाव आले. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या सामन्यांना जोडून घेतली गेली आणि ती तिथेच संपली. अल्टिमेट खो-खो ही लीगही २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली ती फक्त पुरुषांची. कुस्तीत महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीला पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षं.

याला एक सुखद अपवाद आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तो पुरुष आणि महिलांचा एकाच वेळी, एकाच स्टेडियममध्ये. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामने झाले, दोन्हीत भारताने नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. पहिल्याच वेळी सोबत घेतलं की नंतर वर्षं मोजावी लागत नाहीत.

आता पुन्हा त्या आखणीकडे. मुलींचं मैदान लहान असण्याला मी सरसकट अन्याय म्हणणार नाही. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना पावणेचार मीटरवर असते, महिलांना तीन मीटरवर. उंची आणि हाताचा पल्ला बघता चढाई रंगायची तर काही फरक हवा, हे पटण्यासारखं आहे. न पटणारी गोष्ट आहे ती मिनिटांची. जगभर खेळांच्या नियमांत बाईचा दम कमी धरण्याची एक जुनी खोड आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली, शर्यतीनंतर काही जणी धापा टाकत बसल्या आणि तेवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली. धापा टाकणारे पुरुष कोणाच्या नजरेत आले नाहीत. महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली. तीन हजार मीटर स्टीपलचेस तर थेट २००८ मध्ये.

ही शेवटची तारीख महाराष्ट्राने लक्षात ठेवावी अशी आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे दुष्काळी गाव. तिथली ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. पुढे ती धावायला लागली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी कोणी भारतीय ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावत होतं. ललिता वीस वर्षं आधी जन्मली असती तर तिच्या ऐन उमेदीत तो क्रीडाप्रकार ऑलिंपिकमध्ये महिलांना उपलब्धच नसता. हुनर, घाम, गुरू हे सगळं असूनही कार्यक्रमपत्रिकेत ओळच नसेल तर काय करणार?

शालेय स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत ती ओळ आहे, हे आवर्जून सांगायला हवं. भारतीय शालेय खेळ महासंघ १९५४ चा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट. बहुतेक प्रत्येक खेळात मुलांचा आणि मुलींचा वेगळा संघ. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड दोघांना सारखी. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण दोघांना सारखे आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही दोघांना खुलं. गरीब घरातली मुलगी खेळत राहावी म्हणून बापाला पटेल असं यापेक्षा सोपं कारण दुसरं नाही. धाराशिवच्या सारिका काळेने घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असताना खो-खो सोडला नाही, भारताचं कर्णधारपद केलं, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार घेतला आणि त्याआधी राज्य सरकारच्या क्रीडा खात्यात नोकरीला लागली. कागदावरची समानता आपल्याकडे बऱ्यापैकी जुनी आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. तक्रार कागदाबद्दल नाही.

तक्रार कुठे आहे ते दिघ्यासारख्या ठिकाणी कळतं. नवी मुंबई हे आखलेलं शहर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तिने चौदा नोड आखले, प्रत्येक नोडला सेक्टर, सेक्टरला शाळा, शाळेला मैदान, असं नकाशावरच ठरलं. ऐरोली त्या चौदांत आहे, घणसोली आहे, नेरुळ आहे. ऐरोलीला लागून असलेलं दिघा नाही. ते एमआयडीसीच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या सावलीत वाढलं: मूळ गाव, इलठणपाड्यासारखे पाडे, कारखान्यात कामाला आलेल्यांच्या चाळी, डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या झोपड्या. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका झाली तेव्हा दिघा तिच्यात आलं खरं, पण सेक्टरच्या नकाशाशिवाय आलं. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे दिघ्याचं नाव राज्यभर गाजलं ते इथल्या ९९ बेकायदा इमारतींमुळे. त्या बातम्यांत बिल्डर होते, फसलेली कुटुंबं होती, राजकारणी होते. जिथे घरासाठी अशी ओढाताण, तिथे मोकळा चौकोन मोकळा कसा राहणार?

आणि जागा तुटपुंजी असली की ती वेळेत वाटली जाते. शाळा दोन सत्रांत भरत असेल तर शाळेचं पटांगण सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत प्रार्थनेत, मधल्या सुट्टीत, पोषण आहारात अडकलेलं. सरावाला उरते ती पहाट किंवा संध्याकाळ. संध्याकाळी मोठी पोरं टेनिस बॉल आणि बॅट घेऊन येतात. त्यांना कोणी परवानगी दिलेली नसते आणि कोणी हटकतही नाही. मुलीची संध्याकाळ वेगळी असते. पाणी यायची वेळ, धाकट्या भावंडाला सांभाळायची वेळ, ऐरोलीत घरकामाला गेलेली आई परतायच्या आत कुकर लावायची वेळ. त्यात दिवे लागल्यावर बाहेर थांबू नको, हे आलंच. बंदी कोणीच घातलेली नसते. शाळेच्या रजिस्टरला मुलींचा संघ असतो, तो स्पर्धेच्या आठवडाभर आधी गोळा होतो, पहिल्या फेरीत हरतो आणि ‘आमच्या मुलींना आवडच नाही’ असा शेरा मिळवून घरी येतो. मला या शेऱ्याची चीड आहे. जिला वर्षातून सहा दिवस मैदान मिळतं तिच्या आवडीबद्दल बोलायचा अधिकार कोणाला आहे?

कपड्यांचा प्रश्नही शेवटी वेळेशीच येऊन ठेपतो. हाफ पँट घालून घरापासून मैदानापर्यंत चालत जायचं नसतं, म्हणून कपडे बदलायला खोली हवी. खोली शाळेत असते आणि संध्याकाळी शाळेला कुलूप असतं. पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृह हवं. तेही त्याच कुलपाच्या आत.

प्रवासाची गोष्ट जरा वेगळी. महानगरपालिका क्षेत्राला शालेय स्पर्धांत जिल्ह्याचा मान असतो, त्यामुळे दिघ्यातल्या मुलीची पहिलीच स्पर्धा जिल्हास्तरीय ठरते. पुढची पायरी मुंबई विभागाची. हे भाग्यच म्हणायचं. पण शहरातली नावाजलेली मैदानं दक्षिणेकडे, नेरुळचं यशवंतराव चव्हाण मैदान, बेलापूरचं राजीव गांधी मैदान. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल २००४ पासून दिघ्यावरून धावत होती, थांबत नव्हती. दिघा गाव स्थानकाचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. तोवर संघ घेऊन जायचं म्हणजे रिक्षा करून ऐरोली किंवा ठाणे गाठायचं, नाहीतर बस. बारा मुलींचा असा प्रवास एकट्या सरांनी करायचा तर पालकांना घोर, सोबत बाई नाहीत म्हणून नकार, आणि मग तो संघ कागदावरच राहायचा. एका स्थानकाने शालेय खेळ सुधारत नाही, पण आज दिघा गावाहून नेरुळला गाडी न बदलता जाता येतं, हा फरक लहान नाही.

त्याच नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या संघात होत्या. स्टेडियम तुडुंब होतं, मध्यरात्रीनंतरही लोक हलत नव्हते. त्यानंतर मुलींसाठी बॅट मागणाऱ्या आया-बापांची संख्या वाढली असेल तर नवल नाही. बॅट विकत मिळते. रोजचा दीड तास मिळत नाही.

अमेरिकेचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, कारण त्यांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नाही. १९७२ मध्ये तिथे ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद आली. मूळ इंग्रजी मजकूर अवघा सदतीस शब्दांचा, आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. एवढंच म्हटलं आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून कोणाला वगळता येणार नाही. पण पैशाला गाठ मारल्यामुळे संस्थांना हिशेब द्यावा लागला: किती मुली खेळतात, मैदान कधी मिळतं, प्रशिक्षक कोण. तेव्हा तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली २ लाख ९५ हजारांच्या आत होत्या, आज त्या ३० लाखांहून अधिक आहेत. आपल्याकडे १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महिला क्रीडा महोत्सवाची योजना सुरू झाली, पुढे खेलो इंडिया आली. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही स्पर्धेच्या. वर्षभरात मैदान कोणाला किती मिळालं हे त्यांतली एकही विचारत नाही.

विचारण्याची सोय मात्र आपल्या कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान, प्रत्येक वर्गासाठी खेळाचं साहित्य आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह या गोष्टी लिहिलेल्या आहेत. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. या बायांना बहुतेक ठिकाणी सहीपुरतं बोलावलं जातं. दिघ्यातल्या, आणि दिघ्यासारख्या कुठल्याही वस्तीतल्या, या सदस्य आयांना माझी विनंती आहे: पुढच्या सभेत मैदानाचं वेळापत्रक मागा. आठवड्यातले कोणते तास मुलींचे, ते फळ्यावर लिहून फाटकाला लावायला सांगा, त्या तासांना शाळेची एक खोली आणि स्वच्छतागृह उघडं ठेवायला सांगा, आणि हा ठराव इतिवृत्तात आला की नाही ते सही करण्यापूर्वी वाचून बघा.